आराशीतलं चालतं यंत्र

माझं यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या चार पायांवर उभं राहिलं आणि लगेच फ्रिजसमोर तोंडावर पडलं. त्याच्या डोक्यावरची कुकरची शिट्टी निखळून कपाटाखाली गेली. आमचे हे पेपरातून मानसुद्धा वर न करता म्हणाले, "पडलं का?"

"पडलं नाही, बसलं!" मी म्हणाले. राग आला की मी काहीही बोलते. मग गुडघ्यावर बसून झाडूच्या काडीनं शिट्टी बाहेर काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हे यंत्र म्हणजे काय ते सांगते. लहानपणी मुलांच्या मासिकांत भविष्यकाळाची चित्रं यायची. उंच बारीक पायांवर चालणारी लोखंडी घरं, पोटाला गोल खिडक्या, डोक्यावर धुराडं, अंगभर रिव्हेटा, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे. परग्रहावर माणसं जाणार ती अशाच यंत्रात बसून, डुलत डुलत, याबद्दल त्या चित्रकारांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आता भविष्य म्हणजे हातातली गुळगुळीत काच झालीय. तिच्यात काय चालतं, कुणाला कळत नाही. मला ते जुनं भविष्यच आवडतं. त्यात निदान नट-बोल्ट तरी दिसतात. तर असं एक चालतं यंत्र घरातल्या वस्तूंतून करायचं, बाजारातून काही म्हणता काही आणायचं नाही, आणि ते यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीत चालवायचं, असं मी आषाढातच ठरवून टाकलं. आमच्या मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्यापुढची आरास म्हणजे घराच्या इभ्रतीचा सवाल असतो.

पण खरं कारण आरास नव्हतं. खरं कारण लातूरला होतं.

लातूरला माझी थोरली जाऊ राहते. मी तिला अक्का म्हणते. गणिताची मास्तरीण, आता रिटायर झालेली. महालक्ष्म्या थोरल्या घरी बसतात, म्हणून दर वर्षी आम्ही नांदेडहून लातूरला जायचो, आणि आरास अक्का करायची. आणि आरास म्हणजे नुसत्या झिरमिळ्या आणि लाइटच्या माळा नव्हेत बरं का! एका वर्षी तिनं पिठाची गिरणी केली होती, तिच्यातून खरं पीठ पडायचं. एका वर्षी मोट. बैल पुढे गेले की पाणी वर यायचं. बायका हळदीकुंकवाला येत आणि कुंकू लावायचं विसरून मोटेपुढे बसून राहत. मी नवी नवरी म्हणून त्या घरात गेले तेव्हा पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात पोळपाट नाही, पकड दिली होती. "ही तार धर घट्ट," म्हणाली. तेव्हापासून आमचं जमलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी थोरले दीर गेले. मागच्या वर्षी सण झालाच नाही. यंदा मुदखेडहून यांच्या आत्याबाईंचा फोन आला. घरात वयानं सगळ्यात मोठ्या त्याच. म्हणाल्या, "यंदापासून महालक्ष्म्या नांदेडला, धाकट्याकडं उभ्या करा. थोरलीचा आता हात लागायचा नाही."

"का लागायचा नाही? तिच्या हाताला काय झालं?"

"बाई, मला नको विचारू. नियम मी केला न्हाई."

मी फोनवर बोलायचं ते सगळं बोलले, बोलायचं नाही तेही बोलले. पण खरा घाव पुढेच होता. हे लातूरला मुखवटे आणायला गेले तर अक्कानं पितळी मुखवट्यांचा डबा आधीच ओसरीवर काढून ठेवलेला. मी फोन केला. "मी येत नसते गं," ती म्हणाली. "येऊन काय करू? तीन दिवस कोपऱ्यात बसून निवडलेली भाजी परत निवडू?" आवाज एकदम साधा. तो साधा आवाज ऐकून मला रडूच कोसळलं. आराशीला अक्का नाही तर ते तीन दिवस मला नकोच होते, एवढं सरळ होतं ते.

विनवण्या करून ऐकणारी ती बाई नव्हे. पण न चालणारं यंत्र डोळ्यांपुढे असलं आणि ती गप्प बसली, असं आजवर झालेलं नाही. म्हणून मी ठरवलं, यंत्र करायचं. आणि खोटं कशाला बोलू, एकदा हात लागल्यावर अक्काला ओढून आणायचं बाजूलाच राहिलं आणि मलाच त्याचं वेड लागलं.

पाय छत्रीचे. मोडकी छत्री कधी उलगडून बघितलीय का तुम्ही? तिच्या काडीला मुळातच गुडघा असतो! देवानं छत्री केली ती पावसासाठी नव्हेच, असं मला त्या दिवशी वाटलं. माळ्यावर तीन मोडक्या छत्र्या होत्या, त्यांच्या काड्या जोडीजोडीनं बांधल्या. पोट म्हणजे जुना अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा. वर घुमट म्हणून उपडी वाटी, त्यावर कुकरच्या शिट्टीचं धुराडं. एरियल म्हणून विणायच्या दोन सुया. पावलांना पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, फरशीवर घसरू नये म्हणून. आणि रिव्हेटा? टिकल्या! काळ्या टिकल्यांची अख्खी पाकिटं त्या डब्यावर ओळीनं चिकटवली, गेटचा उरलेला चंदेरी रंग दिला, सांध्यांवर गेरू चोळला. काय सांगू, हुबेहूब गंजलेलं लोखंड! आमच्या हिनं डोकं फिरवून घेतलंय, असं हे शेजाऱ्यांना सांगत होते म्हणे. सांगू देत.

शेजारच्या भाभी शिवणकाम करतात. त्यांच्याकडून दोऱ्याची रिकामी रिळं आणली. त्या डोळे बारीक करून यंत्राकडे बघत म्हणाल्या, "ये क्या मकडी बनाके बैठे आपा?" मी म्हटलं, भाभी, हे चालणार आहे. "चलने दो, मेरे घर कू मत आने दो बस," म्हणाल्या आणि बॉबिनांची पुडीच हातावर ठेवली.

मोटर आमच्या मुलाच्या लहानपणच्या खेळण्यातल्या जीपमधली. जीप मोडली होती, पण तिची दातेरी चाकं शाबूत होती. घरात कुण्या नातेवाइकाच्या मुंजीच्या सीड्या पडून होत्या, आम्ही त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. त्यांची चाकं केली, त्यावर खिळे बसवले, खिळ्यांना छत्रीच्या काड्या. मोटर फिरली की चाक फिरणार, चाक फिरलं की पाय उचलणार. बॅटरीच्या डब्याला लांब वायर आणि एक बटण. बटण दाबलं आणि पुढे काय झालं ते तुम्हाला सांगितलंच, फ्रिजसमोर आडवं.

त्याच पडलेल्या यंत्राचा व्हिडिओ मी अक्काला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

चहा उकळेपर्यंत फोन. "हे काय गं?"

"यंत्र."

"यंत्र कळलं. पण कर्णावरचे दोन पाय एकदम का उचलून राहिलीस? दोन पायांवर ते कसं टिकेल? म्हैस कशी चालते ते बघ आधी," आणि फोन ठेवला. बोलली तर! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नदीकडून म्हशींचा कळप येत होता. मी ऑटो थांबवला. फोन काढला आणि वाकून म्हशींच्या पायांचा व्हिडिओ घ्यायला लागले. ऑटोवाला म्हणाला, "ताई, काय हरवलं का?" मी म्हटलं, "दादा, जरा गप्प बसा, पाय मोजून राहिले." तो बिचारा गप्प बसला. आणि खरंच की हो! म्हैस एका वेळी एकच पाय उचलते. मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. बाकीचे तीन जमिनीवर. इतकी वर्षं म्हशी बघतेय, पण पाय कधी बघितले नव्हते. ऑफिसात उशीर झाला, साहेबांना म्हटलं म्हशी आडव्या आल्या. ते काही खोटं नव्हतं.

मग चारी पायांचे खिळे चाकांवर चार वेगळ्या दिशांना बसवले. यंत्र दोन पावलं चाललं! दोन! मग डावीकडे कललं. पुन्हा व्हिडिओ. आता अक्काचा फोन माझ्या आधी यायला लागला. पोट खाली घे. काड्या आखूड कर. डब्यात तळाशी वजन टाक, जुनं कुलूप वगैरे. मी कुलूप टाकलं. कलणं थांबलं, पण आता मागचा उजवा पाय जमिनीला टेकायचाच नाही, हवेतल्या हवेत सायकल मारायचा. अक्का म्हणे गुडघा घट्ट आहे. मी म्हणे सैल आहे. फोनवर आमची अशी जुंपली की हे उठून बाहेर गेले.

"तुला दिसत नाही का घट्ट आहे ते?"

"अक्का, माझ्या हातात आहे ते यंत्र, तुमच्या नाही!"

मला वाटलं, संपलं, दुखावली ती. जीभ चावली मी. आणि मग तिकडून चिडलेला आवाज आला, "हात लावल्याशिवाय कळायचंच नाही हे. सकाळच्या बसनं येते."

मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उड्या मारल्या. माझं वय, माझे गुडघे, कशाकशाचं भान नव्हतं.

ती आली ती हातात एवढीशी पिशवी घेऊन. एक लुगडं, पकड, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री आणि जुन्या बिस्किटांचा एक डबा. दारातच म्हणाली, "यंत्रासाठी आलेय. ते चाललं की उद्याच्या बसनं परत. महालक्ष्म्या उभ्या राहतील तेव्हा मी इथं नसेन, आधीच सांगते." मी बरं म्हटलं. पाणी प्यायच्या आधी ती फरशीवर मांडी घालून बसली आणि यंत्राचा मागचा पाय हलवून बघितला.

"सैल आहे," ती म्हणाली.

"मी काय सांगत होते?"

"बरं, बरं. फार शेफारू नको."

मग काय मजा आली म्हणून सांगू! दिवसभर आम्ही दोघी त्या यंत्रावर वाकलेल्या. पोळ्या हॉटेलातून आल्या. तिनं गुडघ्यात रिळाचा तुकडा अडकवला, मी बॉबिनांच्या चकत्या घातल्या. मला खिडक्या नीट जमल्या नव्हत्या, नुसती काळी वर्तुळं रंगवली होती. अक्कानं बिस्किटांचा डबा उघडला, आत तिच्या काचेच्या हिरव्या बांगड्या. "कपाटात पडून होत्या. खिडक्यांना बसव," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता वायर सोलायला लागली. मी एकेक बांगडी डब्याच्या पोटाला चिकटवली. आत बारीक बल्ब लावल्यावर त्या अशा काही उजळल्या की यंत्रात खरंच कुणीतरी दिवा लावून बसलंय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण अक्काच्या हातात होतं. मोटर घुरघुरली. मागचा डावा पाय उचलला, टेकला. पुढचा डावा. मागचा उजवा, टेकला! टेकला की हो! ते डुलत डुलत, म्हशीसारखं सावकाश, हॉलभर चालत गेलं, सोफ्यापाशी अडलं आणि तिथंच पाय मारत राहिलं. आम्ही दोघी अशा ओरडलो की भाभी शिवण टाकून धावत आल्या. हे पेपर खाली ठेवून उभे राहिले. "चाललं की!" म्हणाले. इतक्या दिवसांत यंत्राबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

त्या दिवशीची बस अक्का विसरली. मीही आठवण केली नाही, वेडी आहे का मी?

सकाळी आत्याबाई मुदखेडहून आल्या. तोच महालक्ष्म्या येण्याचा दिवस. आमच्याकडे दोघी जावा दोन मुखवटे अंगणातल्या तुळशीपासून घरात आणतात. अंगणापासून पाटापर्यंत रांगोळीची पावलं, मागे ताट-चमच्याचा गजर. आत्याबाईंनी चहा घेतला, अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या लेकीची चौकशी केली. सगळं मायेनं. आणि मग म्हणाल्या, "धाकटी एक घेईल. थोरलीला शेजारची कुणीतरी सवाष्ण बघा."

थोरली म्हणजे थोरला मुखवटा, ज्येष्ठा. इतकी वर्षं तो अक्काच्याच हातात असायचा. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "शेजारीण कशाला? यंत्र आणेल."

"काय आणेल?"

"हे. मुखवटा पोकळ आहे, हलका आहे. शिट्टी-सुया काढल्या की घुमटावर बसतो, मी माप घेऊन बघितलंय." म्हणजे हिनं कधी बघितलं? आदल्या रात्री आम्ही झोपल्यावर की काय, देव जाणे. मला एवढंच कळलं की तिला जायचं नव्हतं. मुखवट्याला हात लावायचा नाही, पण त्याच्या मागनं बटण धरून चालायचं, एवढीशी जागा तिनं स्वतःपुरती काढली होती.

आत्याबाईंनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. "हे सोवळ्यात आहे का?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते सवाष्ण नाही, विधवा नाही, त्याचं कुणी गेलेलं नाही. तुमचा कोणता नियम लागतो त्याला?"

त्यांनी वाकून एक टिकली नखानं खरवडून बघितली. मग म्हणाल्या, "पुसून घ्या ओल्या फडक्यानं."

बातमी गल्लीभर पसरली. अंगणात ही गर्दी! भाभी खिडकीत. उंबऱ्यावर आम्ही फळी टाकून उतार केला होता. वारा आला तर, फरशी ओली असली तर, वायर पायात आली तर, सगळ्याचा आम्ही विचार केला होता. मी धाकटा मुखवटा ताटात घेऊन पुढे. मागे यंत्र, त्यावर ज्येष्ठा, हिरव्या खिडक्या उजळलेल्या. आणि त्याच्या मागे वायर धरून, बटणावर अंगठा ठेवून, अक्का. चालू झालं. रांगोळीच्या एकेका पावलावर बाटलीचं झाकण पडायला लागलं. बायका आधी हसल्या, मग एकदम ताटं वाजायला लागली.

आणि लक्ष्मी पुढ्यातून जाताना बघून सगळ्या बायकांनी काय करायचं? जे जन्मभर केलं तेच. मुठी भरून अक्षता टाकल्या! सगळा विचार केला होता आम्ही, अक्षतांचा सोडून. डब्यावर तांदूळ, मुखवट्यावर तांदूळ, आणि फटीतून थेट दातेरी चाकांत तांदूळ. फळीपाशी यंत्रानं एक पाय उचलला आणि तो तसाच राहिला. मोटर कण्हायला लागली. यंत्र कलू लागलं.

"कुणी टाकल्या गं आत!" अक्का ओरडली आणि धावली. खाली बसली. कलतं यंत्र उलटं करायचं तर वरचा मुखवटा आधी काढायला हवा. तिनं तो काढला, मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं छातीशी धरला. उजव्या हातानं केसांतली पिन ओढून दातेरी चाकांतले तांदूळ उकरायला लागली. "तेल दे गं. हा बॅटरीचा डबा धर. असल्या गाढवपणानं चाकं तुटतील ना," तिची बडबड चालूच. तिला कळलंच नव्हतं. अंगणात मात्र सगळ्यांना कळलं होतं. एकेक ताट थांबलं.

तेव्हा तिनं मान वर केली. आधी आम्हा सगळ्यांकडे बघितलं, मग मांडीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुखवटा खाली ठेवावा तर जमिनीवर ठेवता येत नाही. कुणाला द्यावा तर कुणी हात पुढे करेना. मी ताट घेऊन उभी, माझे दोन्ही हात गुंतलेले. कुणी एक वेडंवाकडं बोललं असतं ना, तर ते ताट मी त्या बोलणारीच्या डोक्यात घातलं असतं.

आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. लक्ष्मी दारात आली की आतल्या मोठ्या बाईनं विचारायचं असतं, आणि आणणारीनं उत्तर द्यायचं असतं. सोन्याच्या पावलानं, हळदीकुंकवाच्या पावलानं, असं काहीतरी. त्या अक्काकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज फाटलेला आला.

"कोण आलंय?"

अक्का उठून उभी राहिली. मुखवटा आता तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "महालक्ष्मी."

"कशाच्या पावलानं आली?"

मोटर अजून खाली कण्हत होती, तिचं बटण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"माझ्या," अक्का म्हणाली. "माझ्याच पावलानं आली, आत्याबाई. घेता का आत?"

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग दारातून बाजूला सरकल्या. "ये," म्हणाल्या. "आणि तिच्या गालाला तेल लागलंय तुझ्या हाताचं, ते पूस आधी."

मी धाकटीचा मुखवटा एका हातानं छातीशी धरला, बाजूच्या बाईचा चमचा ओढून घेतला आणि गुडघ्यांत धरलेलं ते ताट इतकं बडवलं, इतकं बडवलं, की चमचा वाकला.